गावाकडच्या मुलांचे दात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न (नागपूर जिल्हा)

अंगणवाडीतल्या माता बैठका, शाळांमधली दाततपासणी आणि आशाताईंनी पुढे पाठवलेले व्हॉइस मेसेज, या तीन वाटांनी आमच्याकडे प्रश्न येत असतात. रामटेक असो, कुही असो की काटोल, प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दुधाचे दात पडणारच आहेत. मग त्यांच्यावर पैसा काहून लावायचा?

पडणार हे खरं, पण केव्हा ते बघा. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात. दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी दाढेला भोक पडलं आणि तुम्ही ते सोडून दिलं, तर पोराला त्या दाढेसोबत अजून सहा-सात वर्षं काढायची आहेत. मग तो एकाच बाजूने चावतो, भाकरी सरकवून देतो, चहात बुडवलेलं बिस्किट मागतो, रात्री उठून रडतो. घरचे म्हणतात, जेवणाचे नखरे करते. वजन न वाढणारं मूल समोर आलं की आम्ही आधी त्याचं तोंड उघडून बघतो, ते यासाठीच.

दुसरं असं की दुधाच्या दाढेच्या मुळांमध्येच कायमचा दात तयार होत असतो. वर पू साचून राहिला तर त्या नव्या दाताच्या आवरणावर डाग किंवा खड्डा राहू शकतो. आणि तिसरी गोष्ट जागेची. दुधाचा दात म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. तो वेळेआधी उचलला की शेजारचे सरकून बसतात आणि ज्याच्यासाठी जागा धरली होती तो वाकडातिकडा उभा राहतो. म्हणून दाढ वाचत असेल तर वाचवायची आणि काढावीच लागली तर जागा राखणारी तार बसवता येते का, हे डॉक्टरांना विचारायचं.

२. कोणता दात केव्हा येतो? माझ्या मुलीला दहा महिने झाले, एकही दात नाही.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, बहुतेक वेळा खालचा समोरचा. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पूर्ण होतात. काही महिने मागेपुढे होणं चालतं. दहा महिन्यांना घाबरायचं कारण नाही. दीड वर्ष होऊनही एक दात दिसला नाही, तर मात्र दाखवून घ्या.

सहाव्या वर्षी येणारी दाढ सगळ्यांना फसवते. ती कुठलाही दात न पाडता, सगळ्यात मागे गुपचूप उगवते. घरचे तिला दुधाची समजतात आणि ती किडली तरी 'पडेल' म्हणून वाट पाहतात. ती पडत नाही. ती आयुष्यभराची दाढ आहे, चारही कोपऱ्यांत एकेक. पोरगं पहिलीत गेलं की तोंड उघडून त्या चार जागा बघायची सवय लावा.

३. माही सासू म्हणते, वरचे दात आधी आले त मामाले जड जाते. खरं आहे का?

नाही. दात कोणत्या क्रमाने येतील हे घराण्यावर आणि त्या बाळावर अवलंबून असतं, मामावर नाही. सासूबाईंच्या समाधानासाठी मामाने वाटी-चमचा आणला, भाच्याला नवीन कपडे केले, तर कुणाचं काही बिघडत नाही. पण दात 'उलटे' आले म्हणून ते घासून काढायला किंवा उपटायला कुणी सांगितलं, तर ऐकू नका. जन्मतःच दात असलेल्या बाळाबद्दल प्रश्न २१ पाहा.

४. दात येताना ताप आणि जुलाब होतातच ना?

लाळ गळते, हिरडी शिवशिवते, बाळ चिडचिड करतं, अंग थोडं कोमट लागतं. इथपर्यंत दातांचं. थर्मामीटरवर १०१ च्या वर ताप, पाण्यासारखे जुलाब, उलट्या, अंगावर पुरळ हे दातांमुळे होत नाही. याच वयात बाळ रांगतं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीही ओसरत असते, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येतात. 'दाताचे जुलाब' म्हणून दोन दिवस थांबलं आणि बाळ सुकलं, असं दर पावसाळ्यात होतं. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे असतात. त्या सुरू करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

हिरडीला आराम द्यायचा तर स्वच्छ फडकं थंड पाण्यात भिजवून चावायला द्या किंवा धुतलेल्या बोटाने हळूच चोळा. मध लावू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो, मग तो गुटीतला का असेना. मेडिकल स्टोअरमधली बधिर करणारी जेलही नको.

५. ब्रश कधीपासून करायचा आणि पेस्ट किती घ्यायची?

पहिला दात दिसला त्या दिवसापासून, दिवसातून दोनदा. त्यातलं रात्रीचं घासणं चुकवू नका. झोपेत लाळ कमी सुटते आणि जे काही दातांवर चिकटलेलं असेल ते रात्रभर काम करत राहतं. घासल्यानंतर दूध, बिस्किट काही नाही, फक्त पाणी.

तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी पूर्ण ब्रशभर कधीच नाही. ट्यूबवर 'फ्लोराइड' लिहिलेलं आहे का ते बघा, साधारण १००० पीपीएम. कडुलिंब, मीठ, कोळसा अशी नावं असलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. घासून झाल्यावर थुंकायला लावा, पण खळखळून चूळ भरू देऊ नका. थोडी पेस्ट दातांवर राहिलेली चांगली. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांसाठी प्रश्न १५ आणि १६ आधी वाचा.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश देऊन मोकळं होता येत नाही. ज्या वयात त्याला शर्टाची बटणं नीट लावता येत नाहीत, त्या वयात मागच्या दाढा नीट घासता येणार नाहीत. मुलाचं डोकं मांडीवर घ्या, वरचा ओठ बोटाने उचला आणि तुम्ही घासा. ओठ उचलल्यावर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण आहे. तिथे अजून भोक नाही. फ्लोराइडने आणि गोड कमी केल्याने ती रेघ तिथेच थांबवता येते. भोक पडल्यावर मात्र ते आपोआप भरत नाही.

६. आमचे आजोबा जन्मभर कडुलिंबाच्या काडीने दात घासत. त्यांचे दात ऐंशीतही शाबूत होते. मग पेस्टच कशाला?

काडी वाईट नाही. टोक चावून मऊ कुंचला झाला आणि तो हिरडीकडून दाताकडे हळू फिरवला तर दात स्वच्छ होतात. कडुलिंबाची आणि बाभळीची, दोन्ही चालतात. पण आजोबांच्या ताटात काय होतं तेही बघा. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, दिवसातून दोनदा जेवण आणि मध्ये काही नाही. पाच रुपयांचं बिस्किट त्यांच्या लहानपणी गावात नव्हतं. काडीत फ्लोराइड नसतं आणि लहान मुलाला ती मागच्या दाढांपर्यंत नेता येत नाही. आजोबांनी सकाळी काडी करावी, नातवाला शेजारी बसवावं. रात्री नातवाला ब्रश.

राख, विटेचा चुरा, कोळसा, जाडं मीठ यांना मात्र आमचा ठाम नकार आहे. दात पांढरे दिसतात कारण वरचं आवरण खरवडलं जातं, आणि ते पुन्हा येत नाही. लाल दंतमंजनात गेरू असतो. तोही बोटाने रगडून लावला की दात झिजतात.

७. आजी नस लावते, कोणी गुडाखू घासते. नातही तिच्या डबीत बोट घालते. थोड्याने काय होतं?

त्या डबीत तंबाखू आहे. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळ. गोंदिया-भंडाऱ्याकडून आणि छत्तीसगडच्या बाजूने तो आपल्याकडेही येतो. लहान मुलाला त्याने चक्कर येते, मळमळतं आणि काही आठवड्यांत तलफ लागते. दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण तंबाखूचा पदार्थ म्हणून विकलेली डबी घरात दात घासायलाच वापरली जाते.

आजीची सवय एका दिवसात सुटणार नाही आणि सुनेने सांगून तर नाहीच. निदान डबी वरच्या फळीवर जाऊ द्या आणि आजीने नातीसमोर लावू नये, एवढं ठरवा. बऱ्याच घरांत नातीसाठी म्हटल्यावर आजी ऐकतात. मोठ्या मुलांच्या खर्ऱ्याबद्दल, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखू-चुन्याबद्दल, प्रश्न १९.

८. बाळ रात्रभर अंगावर पितं. वरचे समोरचे दात तपकिरी होऊन तुटले, खालचे मात्र चांगले आहेत. असं का?

पिताना जीभ खालच्या दातांवर पसरलेली असते, त्यामुळे ते झाकले जातात. दूध साचतं वरच्या दातांभोवती. एवढ्या एका खुणेवरून रात्रीचं पाजणं ओळखू येतं.

अंगावरचं दूध बंद करा असं आम्ही कुणालाही सांगत नाही. पहिले सहा महिने फक्त तेच आणि पुढे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, हे बरोबरच आहे. दात आल्यावर मात्र स्तन तोंडात ठेवून रात्रभर झोपू देऊ नका. पिऊन झालं की बाजूला घ्या आणि ओल्या फडक्याने दात पुसा. बाटलीचा प्रश्न याहून वाईट, कारण बाटलीत बहुधा साखर घातलेली असते, कधी कधी चहासुद्धा. बाटली एकदम सुटत नसेल तर रात्रीच्या बाटलीत दररोज थोडं पाणी वाढवत न्या. आठवड्या-दोन आठवड्यांत नुसतं पाणी राहतं आणि बाळ स्वतःच कंटाळतं. एक वर्षानंतर वाटीने किंवा कपाने पाजा.

९. चॉकलेट पूर्ण बंद केलं, तरी दात किडतात. आता काय उरलं?

चहा-टोस्ट, बिस्किट, पिवळ्या नळ्या, शाळेसमोरची गोळी आणि खोकल्याचं गोड औषध. दातांना किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, त्याचा मारा साधारण अर्धा तास चालतो आणि मग लाळ त्याची भरपाई करते. पोरगं दर तासाला काही ना काही तोंडात टाकत असेल तर लाळेला उसंतच मिळत नाही. जेवणासोबत खाल्लेला एक लाडू परवडला, दिवसभर चघळलेली एक गोळी नाही.

गूळ साखरेपेक्षा 'चांगला' ही समजूत दातांच्या बाबतीत चालत नाही. देवलापारकडच्या गावांत वाळलेली मोहफुलं मुलं खिशात घेऊन फिरतात. पोषणाला ती बरी, पण गोड आणि चिकट, दाढेच्या खाचेत तासन् तास बसून राहतात. खाऊ नका असं नाही, बसून एकदाच खा आणि वर पाणी प्या.

तान्हा पोळ्याचं काय, हा प्रश्न दर श्रावण अमावास्येच्या सुमाराला येतोच. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजाऱ्यात पैशांसोबत चॉकलेटं मिळतात. त्या दिवशी खाऊ द्या. उरलेली पिशवी घरात आठवडाभर हाताशी ठेवू नका. काही घरं बोजाऱ्यात पेन्सिल आणि फुटाणे देतात, आम्हाला ते फार आवडतं.

१०. संत्रं, चिंच, बोरं, कैरी यांनी दात खराब होतात का?

फळ म्हणून खाल्लेलं संत्रं उत्तम. काटोल-नरखेडच्या मुलांना संत्र्यापासून दूर ठेवणं कुणाला शक्यही नाही. त्रास होतो तो चिंचेचा गोळा मीठ-साखर लावून तासभर चोखला किंवा कैरी सारखी दातांवर घासली तर. आंबटाने आवरण थोडा वेळ मऊ होतं, म्हणून लगेच ब्रश करू नये. पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबावं.

११. बाजारात एक जण नळीने धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवतो. आम्ही डोळ्यांनी पाहिले.

जे पाहिलं ते बी होतं. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकतात, धूर नळीने तोंडात सोडतात आणि मग पाण्यात तडकलेल्या बियांचे पांढुरके कोंब पडतात. ते अळीसारखे वळलेले दिसतात. हाच प्रयोग तोंडाशिवाय, नुसत्या परातीतल्या पाण्यावर करून बघा, तेवढेच 'किडे' निघतील. दातात अळ्या नसतात. भोक पाडणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. धुराने थोडा वेळ बधिरपणा येतो, म्हणून लोकांना बरं वाटतं, आणि तोवर तो माणूस पुढच्या गावच्या बाजाराला पोहोचलेला असतो. मुलाचं तोंड आणि घसा भाजतो, ते वेगळंच.

१२. रात्री दाढ ठणकायला लागली, सकाळपर्यंत काय करू?

कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावा, भोकात अन्न अडकलं असेल तर मऊ ब्रशने किंवा दोऱ्याने काढा, उशी थोडी उंच करा. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनाप्रमाणे द्या. वजन माहीत नसेल तर आशाताईंना फोन करून विचारा. ऍस्पिरिन मुलांना नको. कुठलीही गोळी कुस्करून दाढेत भरू नका, त्याने हिरडी भाजते आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला दोन जखमा दिसतात. लवंगेचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर विषारी ठरतं, त्यामुळे तेही नको. दाढेत तंबाखूची चिमूट तर मुळीच नको. खर्ऱ्याची सवय इथूनच लागल्याचं मोठी माणसं स्वतः सांगतात.

दुखणं सकाळी थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं. आतली नस मेली की दुखणं थांबतं आणि पुढे पू होतो.

१३. गाल सुजला आहे. हळद-चुन्याचा लेप लावून शेक द्यावा का?

शेक नको. शेकाने पू गालाच्या बाहेर वाट काढतो आणि चेहऱ्यावर कायमचा वण राहतो. दुसऱ्याच दिवशी दंतवैद्याला दाखवा.

मात्र पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा : सूज जबड्याखाली किंवा मानेकडे उतरतेय, डोळा मिटायला आला, तोंड उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, आवाज जड झाला, ताप चढून मूल सुस्त पडलं. अशा वेळी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून गरज पडली तर १०८ ने नागपूरला मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयांत. जबड्याखालची सूज श्वास अडवू शकते.

१४. दुधाचा दात पडलाच नाही आणि मागून दुसरी ओळ दिसते. उपटायचा का?

खालच्या समोरच्या दातांत सहाव्या-सातव्या वर्षी हे खूप दिसतं. मुलाला दात जिभेने आणि स्वच्छ बोटाने हलवू द्या, पेरू-ऊस खाऊ द्या. बहुतेक वेळा दुधाचा दात स्वतः पडतो आणि जीभ नव्या दाताला पुढे ढकलते. दोन-तीन महिन्यांत तो जरासुद्धा हलला नाही तर काढून घ्यावा. दोरा बांधून दाराला अडकवायचा खेळ करू नका.

वरच्या समोरच्या दातांत सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान फट पडते, तीही सुळे आले की बहुधा मिटते. तारा लावायची घाई नको.

१५. आमच्या गावातल्या सगळ्याच पोरांच्या दातांवर पांढरे-पिवळे पट्टे आहेत. घासून जात नाहीत.

एका मुलाचे असतील तर वेगळं, अख्ख्या गावाचे असतील तर पाणी तपासा. जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल आणि मूल तेच पाणी वयाच्या पहिल्या आठ वर्षांत पीत असेल, तर तयार होत असलेल्या कायमच्या दातांवर असे आडवे, दोन्ही बाजूंना सारखे पट्टे उमटतात. चंद्रपूर आणि यवतमाळमधल्या गावांची ही जुनी तक्रार आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा पर्यायच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. तुरटी नुसती फिरवूनही नाही आणि ब्लीचिंग पावडरनेही नाही. ग्रामपंचायतीकडे तपासणीचा किट असतो आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. खोल बोअरपेक्षा उथळ विहिरीत फ्लोराइड बहुधा कमी सापडतं, पण तपासल्याशिवाय विहीर बदलू नका. गावात आरओ बसवलेला असेल तर निदान लहान मुलांचं आणि गरोदर बायांचं पिणं-स्वयंपाक त्या पाण्यावर करा.

१६. अशा गावात फ्लोराइडची पेस्ट वापरायची की नाही?

पट्टे येतात ते पोटात गेलेल्या फ्लोराइडने. पेस्टचा उपयोग होतो तो दाताच्या बाहेरून. पट्टे असलेले दात किडत नाहीत असंही नाही, खडबडीत भागात कीड लवकर बसते. म्हणून पेस्ट पूर्ण बंद करण्याऐवजी ती अगदी कमी घ्यावी, मोठ्या माणसाने समोर उभं राहून थुंकायला लावावी आणि जे मूल पेस्ट गिळतं, त्याच्याबद्दल दंतवैद्याला गावच्या पाण्याचा आकडा सांगून विचारावं. आठ वर्षांपुढे समोरच्या दातांवर पट्टे येण्याची भीती राहत नाही.

१७. दातांवर काळ्या रेघा आल्या, अंगणवाडीतल्या लोहाच्या औषधाने आल्या का? ते बंद करू?

बंद करू नका. लोहाच्या सिरपने दातावर वरवर काळपटपणा येतो, तो ब्रशने किंवा दवाखान्यात साफ करून जातो. औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी पाजा. रेघ आहे की भोक, हे ओळखायला बोटाची नखं नकोत, उजेडात बघा. भोक असेल तर कडा खडबडीत आणि आत मऊ, तपकिरी दिसतं.

१८. खेळताना पडला आणि समोरचा दात मुळासकट बाहेर आला. परत बसतो का?

कायमचा दात असेल तर बसू शकतो, आणि इथे मिनिटं महत्त्वाची. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा, घासू नका. मूल समजदार असेल तर दात त्याच जागी सरळ बसवून स्वच्छ रुमाल चावायला लावा. जमत नसेल तर दात थंड दुधात टाका. गावात दूध घरोघरी असतं. कोरड्या फडक्यात किंवा कागदात गुंडाळलेला दात वाळून निकामी होतो. अर्ध्या तासात दवाखाना गाठला तर उत्तम. देवलापारहून नागपूरला यायला तासाहून जास्त लागतो, म्हणूनच दुधात ठेवणं किंवा जागच्या जागी बसवणं रस्त्यावर निघण्याआधी झालं पाहिजे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

दुधाचा दात मात्र परत बसवू नका, खालच्या दाताला इजा होते. तो कौलावर फेकायची पद्धत असेल तर खुशाल फेका.

१९. तेरा वर्षांचा मुलगा खर्रा खातो, हे आत्ता कळलं. तिखट खाल्लं की तोंड जळतं म्हणतो.

तोंड जळणं ही पहिली खूण असते. पन्नीवर घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, त्यातली सुपारी गालाच्या आतली कातडी कडक आणि पांढरट करते. पुढे तोंड उघडणं कमी होत जातं. मुलाला आपली तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन जात नसतील तर उशीर करू नका. कडक झालेली कातडी पूर्ववत होणं कठीण असतं आणि पुढे तिथे कॅन्सरचा धोका असतो. म्हणून नुसतं जळत असताना सुटणं फार महत्त्वाचं. आधी जो सगळं तिखट खायचा तो पोरगा अचानक वरण-भातावर आला, तर आईने नखरे समजू नयेत.

मारून सुटत नाही. सोबतची पोरं कोण, पैसे कुठून येतात, पानठेला कोणता, हे शांतपणे विचारा. आणि पानठेलेवाल्याला हेही ऐकवा : १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणंही, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. 'साधी सुपारी खातो' हे उत्तर आलं तर त्यावर समाधान मानू नका, कातडी कडक करते ती सुपारीच.

२०. मुलीला सिकलसेल आहे. दाढ काढली तर चालेल?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भात हा प्रश्न आडवळणाचा नाही, रोजचा आहे. एएस म्हणजे वाहक असेल तर साधारण इतर मुलांसारखेच उपचार होतात. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर आधी हे वाचा.

दाताचा संसर्ग आणि ताप हे स्वतःच क्रायसिसला (सिकलसेलच्या दुखण्याच्या तीव्र झटक्याला) निमंत्रण असतं, म्हणून किडलेली दाढ तशीच ठेवणं हे काढण्यापेक्षा धोक्याचं. जागा बधिर करून दाढ काढता येते. त्या दिवशी मुलगी उपाशी-तहानलेली नको, भरपूर पाणी प्यायलेली हवी, थंडी वाजायला नको, सकाळची वेळ घ्यावी. सिकलसेलचं कार्ड, हायड्रॉक्सियुरिया किंवा पेनिसिलिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय पूर्ण भूल घेऊ नका. कुठलंही भोक दिसत नसताना जबडा दुखत असेल किंवा खालचा ओठ बधिर झाला असेल तर ते दाताचं नसून हाडाचं, सिकलसेलचंच दुखणं असू शकतं. अशा वेळी चांगली दाढ उगाच काढली जाते. एसएस मुलाला ताप असेल तर दंतवैद्याआधी बालरोग विभाग गाठायचा.

२१. बाळ दात घेऊनच जन्मलं. लोक अपशकुन म्हणतात, दाई काढून टाका म्हणते.

अपशकुन नाही. बहुतेक वेळा तो जास्तीचा दात नसून दुधाचाच दात लवकर आलेला असतो, काढला तर त्या जागी पाच-सहा वर्षं काही येत नाही. तो इतका हलत असेल की निसटून श्वासनलिकेत जाईल, किंवा बाळाच्या जिभेखाली जखम होऊन ते पीतच नसेल, तरच काढतात. काढायचा झाला तर दवाखान्यात, बाळाला जन्मानंतरचं व्हिटॅमिन के मिळालं आहे याची खात्री करून. चिमट्याने घरी नाही.

२२. मुलगा मशीनच्या आवाजानेच पळतो. मशीनशिवाय इलाज आहे का?

आहे. हाताच्या छोट्या अवजाराने किडलेला मऊ भाग खरवडून त्यात ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात. वीज लागत नाही, बहुतेक वेळा सुईही नाही, शाळेच्या बाकावर झोपवूनही करता येतं. दुसरा उपाय सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब. तो लावला की कीड थांबते, पण किडलेली जागा कायमची काळी पडते. आई-वडिलांना हे आधी सांगायलाच हवं. मागच्या दाढांना आमची हरकत नसते, समोरच्या दातांसाठी तुम्ही ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेने या दोन्हींना आणि फ्लोराइडच्या पेस्टला २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दाढेत पू झाला असेल तर यांपैकी काहीच चालत नाही.

२३. जायचं कुठे? खर्च किती येईल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं, दातही बघतं. ते चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी दप्तरात राहते आणि वर्ष जातं, हे फार होतं, म्हणून पथक येऊन गेलं की दप्तर बघा. दुभंगलेले ओठ-टाळूही याच कार्यक्रमात मोफत दुरुस्त होतात. ग्रहणात आईने विळीवर चिरलं म्हणून ओठ फाटला, असं कुणी म्हणालं तरी त्या आईला दोष देऊ नका.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा दंतवैद्य नसतो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारून जा. नागपुरात मेडिकलच्या आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे बालदंत विभाग स्वतंत्र आहे. हिंगणा रोडच्या बाजूला खासगी दंत महाविद्यालयं आहेत आणि वर्ध्याकडच्यांना सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय जवळ पडतं. महाविद्यालयांत खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी, पण रांग लागते. सकाळी लवकर, मुलाला खाऊ घालून आणि जुने कागद घेऊन या.

२४. मुलाच्या हृदयाला जन्मतः छिद्र आहे. दात काढण्याआधी वेगळं काही?

काही हृदयदोषांत आधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो, सगळ्यांत नाही. हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणा. डोस विसरला आहात हे खुर्चीत बसल्यावर आठवलं तरी सांगा, लाजू नका. अशा मुलाचे दात किडू न देणं इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचं, म्हणून प्रश्न ५ आणि ९ इथेही लागू.

२५. मिरगीच्या गोळ्या चालू आहेत आणि हिरड्या सुजून दातांवर चढल्या आहेत.

फेनिटोइन नावाच्या गोळीने काही मुलांच्या हिरड्या वाढतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, झटका येईल. हिरडीवर मळ साचला की वाढ जास्त होते, म्हणून रक्त आलं तरी मऊ ब्रशने रोज दोनदा घासायचंच. रक्त येतं म्हणून घासणं थांबवलं की ते आणखी येतं. गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हिरड्यांचा फोटो दाखवा, दुसरी गोळी चालत असेल तर ते हळूहळू बदलून देतील. फार वाढलेली हिरडी दंत महाविद्यालयात कापून नीट करता येते.